जन्माला न आलेल्या पोरांची नोकरी

माझी पहिली नोकरी होती लोकांना जास्त पोरं होऊ देऊ नका असं सांगण्याची. आणीबाणीच्या आधीचा काळ. बी.ए.ला भूगोल होता, लोकसंख्येच्या धड्यावर चांगले मार्क पडले होते, तेवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी आरोग्य खात्यात प्रचाराचं काम मिळालं. जीपमधून गावोगाव जायचं, देवळाच्या पारावर लाल त्रिकोणाचे तक्ते टांगायचे आणि छडीने टकटक करत बोलायचं. एका तक्त्यात दोन मुलं, एक गाय, एक विहीर, आणि इस्त्रीचा सदरा घातलेला नवरा. दुसऱ्यात पोरांची ही रांग, नवऱ्याचा सदरा फाटका, आणि गाय गायब.

बायका निमूट ऐकायच्या. एकदा मात्र एका म्हातारीने विचारलं, "बाई, तुला किती?"

म्हटलं, "माझं अजून लग्न नाही झालं."

सगळा पार हसला. म्हातारी म्हणाली, "मंग तुला पोरातलं कळतंय, का गाईतलं?"

मी अतिशय गंभीर चेहरा केला आणि पुन्हा पहिल्या तक्त्यापासून सुरुवात केली. अशी बया होते मी.

पुढे लग्न झालं, तक्त्याबरहुकूम दोन मुली झाल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला येऊन स्थिरावलो. नवरा जवळच्या एका संशोधन केंद्रात होता. ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे मला नोकरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती माझ्या तोऱ्याची. मला 'माझ्या लेव्हलची' नोकरी हवी होती, आणि माझी लेव्हल कोणती हे अख्ख्या अमेरिकेत माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा तो सगळा भाग बटाट्याच्या आणि मक्याच्या शेतांचा. पण अधूनमधून एखाद्या शेतात मका उगवायचा थांबायचा आणि काचेची इमारत उगवायची. बाहेर कारंजं, कारंज्यात बदकं, आत नोकऱ्याच नोकऱ्या. मी नुकती ड्रायव्हिंग शिकले होते, त्यामुळे रस्त्यापेक्षा पाट्या जास्त वाचायची. आणि जिकडे बघावं तिकडे, पिझ्झाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, लाँड्रीच्या काचेवर, एकच पाटी: हेल्प वॉन्टेड.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजीचं व्याकरण पक्कं आणि इंग्रजी कच्चं. हेल्प वॉन्टेड म्हणजे मदत हवी आहे, यात शंकेला जागाच नव्हती. मला वाटलं, काय हे गाव, घरोघरी संकट! बहुतेक पूरग्रस्तांसाठी निधी गोळा करत असावेत. एवढ्या चकचकीत गावात पूर कधी आला, हा प्रश्न मला पडला नाही.

आमच्या अपार्टमेंटपासून थोड्या अंतरावर एक जुनी डेअरी होती. मोजक्या गाई, लाल रंगाचं मोठं लाकडी गोठाघर, आणि रस्त्याच्या बाजूला आइस्क्रीम विकायच्या दोन खिडक्या. मे महिना लागला होता, उकडायला सुरुवात झाली होती, आणि दोनपैकी एकच खिडकी उघडी. दुसरीवर पुठ्ठा लावलेला. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात: हेल्प वॉन्टेड, प्लीज!

त्या 'प्लीज'ने माझं काळीज हललं. गाडी वळवली, आत शिरले.

आत मालकीणबाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पायात पुरुषी गमबूट, पांढऱ्या केसांना रबरबँड. मी दारातूनच विचारलं, "काय झालंय? कसली मदत हवी आहे?"

"सगळीच," त्या म्हणाल्या. "तुला काय येतं?"

मी भूगोलाची पदवी सांगितली.

"बरं. आइस्क्रीम उकरता येतं?"

बाहेर रांग लागलेली. बाई एकट्या. अशा वेळी नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. मी पदर खोचला, त्यांनी दिलेला एप्रन वरून बांधला आणि उकरायला लागले. ते आइस्क्रीम नव्हतंच, दगड होता. मनगट भरून आलं, ब्लाउजच्या बाहीपर्यंत चॉकलेट. गर्दी ओसरल्यावर बाईंनी ताशी पगार काय देणार ते सांगितलं. मी दोन्ही हात जोडले. "छे छे, मदतीचे पैसे मी घेत नाही."

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, हेल्प म्हणजे कामाला माणूस."

म्हणजे अर्ज न करता, मुलाखत न देता, माझ्या लेव्हलचा विषयही न निघता, मी नोकरीला लागले होते.

घरी नवऱ्याने विचारलं, "होतीस कुठे इतका वेळ?"

"हेल्प करत होते."

त्याने आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं की ही व्हॉलंटियर वर्क करते. मी ते दुरुस्त केलं नाही.

आता मला चौकसपणाचा मूळचाच रोग. रोज दुपारी त्या खिडकीत उभी राहायची आणि एकच विचार करायची: ही कामं करणारी माणसं गेली कुठे? मालकीणबाई सांगत, या खिडक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हायस्कूलची पोरं उन्हाळ्यात काम करायची. मग ती पोरं कुठायत? नवरा म्हणाला, टीव्हीपुढे. ठाण्याहून आलेली माझी एक मैत्रीण होती, तिचा नवरा गावातल्या बँकेत, ती म्हणाली, "अगं, ड्रग्ज. सगळी वाया गेलेली आहेत." माझी थोरली मुलगी आठ वर्षांची. तिला विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "आय डोन्ट नो, आई. मेबी दे आर इन कॉलेज."

मी ठरवलं की शोध घ्यायचा. गाडीतून गावभर फिरले. शाळेजवळून जाताना बघितलं, तर एका शाळेच्या इमारतीवर पालिकेच्या कसल्याशा कचेरीची पाटी. शाळेचीच इमारत, बाहेर झोपाळेही तसेच, पण आत टाइपरायटर. भारतात मी शाळेसाठी इमारत नसलेली गावं पाहिली होती. इमारतीसाठी मुलं नसलेलं गाव पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सरळ विचारलं, "तुमची पोरं गेली कुठे?"

त्या कोनांची खोकी उघडत होत्या. "गेली कुठे नाहीत," म्हणाल्या. "जन्मलीच नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हा घराघरात चार-चार मुलं. शाळा पुरेना म्हणून दोन पाळ्या. दर मे महिन्यात कामासाठी पोरांची रांग दारापर्यंत यायची आणि बाई त्यातून निवडून घ्यायच्या: हा हसतो बरा, हिचे हात स्वच्छ. मग लोकांनी मुलं कमी केली. मुलं न होण्याची गोळी निघाली, बायका नोकऱ्यांना लागल्या, घरं महाग झाली. तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही. पाळण्यातलं बाळ कमी झालं तर आइस्क्रीमचं काय अडतं? अडतं, ते सोळा वर्षांनी.

"आणि जी थोडी आहेत," बाई म्हणाल्या, "ती टेनिस कँपला नाहीतर कॉम्प्युटर कँपला. त्यांच्या वडलांना त्यांची कमाई नकोय. ज्यांना काम हवंय ती पोरं ट्रेंटनमध्ये, आणि तिथून इकडे यायला बस नाही. माझा स्वतःचा मुलगा टेक्ससला. तो तिकडून फोन करून सांगतो, मॉम, विकून टाक."

मी चमचा खाली ठेवला. मला एकदम देवळाचा पार दिसायला लागला. या लोकांनी माझा तक्ता कुठे बघितला? मी बाईंना सगळं सांगितलं: जीप, छडी, गाय, विहीर. बाईंना इतकं हसू आलं की त्या दुधाच्या क्रेटवर मटकन बसल्या. "म्हणजे ती तू होतीस होय! आणि आता त्या पोरांचं काम करायला तूच आलीस!"

"पण आमच्या तक्त्यात शेवटी गाय मिळायची," मी म्हटलं.

"मला गाईंचीच काळजी आहे," त्या म्हणाल्या, आणि हसू थांबलं.

ती काळजी अशी. एक चकचकीत बुटांचा माणूस वरचेवर यायचा. आधी व्हॅनिलाचा कोन घ्यायचा, मग गोठ्याकडे बघत खायचा, मग बाईंशी हळू आवाजात बोलायचा. त्याला ती जमीन काचेच्या इमारतीसाठी हवी होती. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं: मे अखेरच्या सुट्टीपर्यंत दुसरी खिडकी उघडली नाही, तर बोलू. कारण एका खिडकीवर गाईंचा चारा निघत नव्हता, आणि गाई काढल्या तर बाईंना त्या जागेत उरण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांचा नवरा त्याच गोठ्यात काम करता करता गेला होता.

"किती माणसं लागतील?" मी विचारलं.

"तुझ्यासारख्या आणखी दोघी असल्या तरी मी उन्हाळा काढीन."

"आणते," मी म्हटलं. मला वाटत होतं, मंडळाच्या बायका आहेत, एक फोन फिरवला की रांग लागेल.

फोन फिरवले. एकीची मान दुखत होती, एकीचा भाऊ येणार होता, एकीने तर गौरी-गणपतीचं कारण सांगितलं, मे महिन्यात. ठाण्याची मैत्रीण स्पष्ट बोलली. "अगं, वेड लागलंय का? माझे सासरे हेडमास्तर होते. मी आइस्क्रीमच्या गाडीवर उभी राहू?"

"गाडी नाही गं. खिडकी आहे."

"खिडकी आणखी वाईट. फ्रेम केल्यासारखं दिसायचं!"

मी डोकं चालवलं. म्हटलं, याला इथे कस्टमर रिलेशन्सचं समर ट्रेनिंग म्हणतात. मग ती म्हणाली, "ट्रेनिंग असेल तर बघते. पण घरी सांगणार नाही."

दुसरी मिळाली ती नागपूरची. आमच्यापेक्षा लहान, रसायनशास्त्रात एम.एस्सी., नवरा इंजिनिअर. तिच्या हॉलमध्ये बुद्धाची छान मूर्ती होती, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. मी ट्रेनिंगचं पुराण सुरू केलं तर तिने मधेच तोडलं. "ताई, काम काय आहे ते सांगा न बाप्पा. आइस्क्रीम द्याचं? मंग इतकं काहून फिरवून सांगून राहिल्या? कधीपासून येऊ?"

अशा आम्ही तिघी झालो. आणि पहिल्याच सकाळी घोडं अडलं ते बिल्ल्यावर. बाईंचा नियम होता की छातीवर नावाचा बिल्ला हवा. ठाण्याची म्हणाली, अजिबात नाही, कुणी वाचलं तर? मलाही ते पटलं नव्हतं. अठरा वर्षांचं पोरगं येऊन मला माझ्या नावाने हाक मारणार, जी माझा नवरासुद्धा कधी मारत नाही!

"मग तुमच्याकडे लहान माणसं बायकांना काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"मावशी," मी म्हटलं.

बाईंनी झटक्यात तीन बिल्ले केले. तिन्हींवर इंग्रजी अक्षरांत मावशी. आम्ही खूश. आपली अब्रू झाकली गेली, शिवाय नातं जोडलं गेलं. मी स्वतःला फार हुशार समजले.

मे अखेरच्या सुट्टीला पुठ्ठा काढला आणि दुसरी खिडकी उघडली. चकचकीत बुटांचा माणूस आला, दोन्ही रांगांकडे बघितलं, कोन न घेताच परत गेला. बाईंनी आम्हाला तिघींना एकेक मोठा आइस्क्रीम संडे खायला लावला.

तिथून पुढे गंमतच. गिऱ्हाईक खिडकीशी यायचं, बिल्ला वाचायचं आणि विचारायचं, "हे मावशी कसं असतं? नट्स असतात का त्यात?" एका आजोबांना समजावून सांगता येईना, म्हणून नागपूरवालीने त्यांना आंब्याचा रस घातलेलं व्हॅनिला दिलं. डबा तिने घरून आणला होता. दुसऱ्या दिवशी ते आपल्या बायकोला घेऊन आले. "टू मावशीज. इन अ कप." जुलैपर्यंत फळ्यावर मावशी हा प्रकार चॉकलेटच्या खाली लिहिला गेला, आणि मी माझ्या आईच्या बहिणींना काय कळवावं याचा विचार करत राहिले.

मग एका रविवारी व्हायचं ते झालं. एडिसनहून मंडळातलं एक कुटुंब आलं. मी त्यांना गाडीतून उतरतानाच ओळखलं आणि खाली बसले. खाली बर्फाचं पाणी साठलेलं. साडी भिजली, तरी बसून राहिले. ठाण्याची माझ्या आधीच फ्रिजच्या मागे. खिडकीत उरली एकटी नागपूरवाली.

मला वरून आवाज येत होते. "मावशी!" त्यातल्या गृहस्थांनी बिल्ला वाचला आणि बायकोला हळू, पण मराठीत, म्हणाले, "अगं बघ, इथेसुद्धा मावशी ठेवलीय. दवाखान्यातली मावशी, शाळेतली मावशी, तशी आइस्क्रीमवाली मावशी."

खाली बसल्याबसल्या माझे कान तापले. मावशी म्हणजे आईची बहीण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपल्याकडे बेडपॅन उचलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बाईलाही आपण मावशीच म्हणतो, हे मी सोयीस्कर विसरले होते. स्वतःच्या तोंडाने सांगून तिघींच्या छातीवर मी ते लिहवून घेतलं होतं!

नागपूरवाली शांतपणे म्हणाली, "हो दादा, तीच मावशी. माझी माय सरकारी दवाखान्यात जन्मभर मावशी होती. तिच्या पगारावर मी एम.एस्सी. केलं. तुम्हाला कोन देऊ का कप?"

गृहस्थ गडबडले. "कोन," म्हणाले. मग जरा थांबून, "कप. काहीही."

"आणि इथे खाली न फ्रिजमागे दोन मावश्या आणखी आहेत," तिने मला पायाने ढोसलं. "उठा न ताई, बटर पीकन संपलं."

मी उठले. भिजलेल्या साडीने, केसाला चॉकलेट. गृहस्थांच्या बायकोने मला बघितलं, मग नवऱ्याला एक कोपर मारलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे आणखी एक जागा आहे का हो?"

आता मी म्हटलं की त्या दिवसापासून मला शहाणपण आलं, तर ते खोटं. मला अजूनही काचेच्या इमारतीत, बदकांच्या कारंज्याशेजारी बसायचं होतं. आणि ऑगस्टमध्ये ती संधी खिडकीवरच आली.

रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतली माणसं दुपारी आइस्क्रीमला यायची. त्यांच्यातली एक मॅनेजरबाई नेहमी ठाण्याचीच्या खिडकीशी थांबायची. ठाण्याची एकाच वेळी पाच माणसांची ऑर्डर लक्षात ठेवायची, कुणाला दाणे घालून, कुणाला न घालता. एक दिवस मॅनेजरबाईने विचारलं, "तुम्हाला टाइप करता येतं? आमच्याकडे माणसंच मिळत नाहीत हो." म्हणजे काचेच्या इमारतीलाही मदत हवीच होती, फक्त पाटी लावायची त्यांना लाज वाटत होती. आमच्यासारख्याच.

ठाण्याची आठवड्याभरात पलीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "खरंच ट्रेनिंग होतं गं!" तिच्या जागी एडिसनची ती बाई येणार होती, पण तिलाही एडिसनमध्येच दुकानात काम मिळालं. तिथल्या ओक ट्री रोडवर तेव्हा एकेक करून आपली दुकानं उघडत होती, आणि त्यांनाही माणसं हवी होती. मग मॅनेजरबाईने मला विचारलं. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, एका क्षणात म्हटलं, तिचं वाक्य पुरं होण्याआधी.

मग मागे वळले तर मालकीणबाई. त्यांनी ऐकलं होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काम शिकायचं आणि पुढे जायचं, हे काही नवीन नाही. पोरंही तशीच जायची. फरक एवढाच, की तेव्हा मागून दुसरी यायची."

चकचकीत बुटांच्या माणसाला हे कुणी कळवलं कोण जाणे. त्याने फोन केला की लेबर डेच्या आठवड्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, येऊन जातो, काय ते ठरवू.

मी घरी आले ती असा चेहरा घेऊन की सासूबाईंनी विचारलं, "कुणी गेलं का गं?" सासूबाई त्या वर्षी जूनमध्ये कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या, मुलाने नागरिकत्व घेऊन, सगळे कागद करून आणलेल्या. मी आइस्क्रीम विकते हे कळल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. एरवी सोफ्यावर बसून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. इथे दारावर कुणी येत नाही, हे त्यांचं एकच दुखणं. ना भाजीवाली, ना रद्दीवाला, ना कुणाची पत्रिका. "माणसं पेटीतून येतात आणि पेटीतून जातात," असं त्या गाड्यांबद्दल म्हणायच्या.

आणि तेव्हा मला ते दिसलं. या देशाला सोळा वर्षांची पोरं कमी पडत होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून साठी उलटलेली माणसं विमान भरभरून आणली होती. आमच्याच अपार्टमेंटमध्ये तीन आज्या आणि दोन आजोबा दिवसभर रिकामे. काम करायची त्यांना परवानगी होती, विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "एक मदत हवी होती."

"कसली?"

"रोज दुपारी काही माणसं दारात येतात. त्यांना खायला द्यायचं."

सासूबाईंनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "ते आइस्क्रीम ना? अंडं असतं का त्यात?"

"काहींत असतं. ज्यात नसतं तेवढंच तुम्ही द्या."

त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. रस्ता रिकामा होता. "किती माणसं येतात?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेले तेव्हा माझी मालकीणबाईंशी बोलणी जरा अवघडच झाली. "तुझी सासू?" त्या म्हणाल्या. "तिला इंग्रजी येतं?"

"नाही."

"आइस्क्रीम उकरलंय कधी?"

"जन्मभर श्रीखंडासाठी चक्का फेटलाय. मनगट माझ्यापेक्षा घट्ट आहे."

सासूबाईंनी पांढरी साडी नेसली, पायात माझे स्नीकर्स घातले. कुकरमधला डाळीचा डबा धरावा तसा तो आइस्क्रीमचा डबा हातात घेतला आणि अर्ध्या तासात कोन कसा फिरवायचा ते शिकल्या. मावशीचा बिल्ला त्यांनी नाकारला. "मी आजी आहे. कुणाची मावशी नाही." भाषेचं काही अडलं नाही. लोक बोट दाखवायचे, सासूबाई रंग सांगायच्या: गुलाबी? तपकिरी? पांढरं? मुलं 'गुलाबी' म्हणायला शिकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या आजोबांना आणलं, माजी पोस्टमास्तर, त्यांनी रांगेचा ताबा घेतला. नागपूरवाली त्या सगळ्यांची साहेब झाली, आणि पलीकडच्या इमारतीने तिला बोलावलं तेव्हा म्हणाली, "मी माझ्या शाखेच्या कामाची वाट पाहून राहिली. तोवर इथे बरी आहे."

माझा शेवटचा दिवस लेबर डेच्या आठवड्यातला. त्याच दुपारी चकचकीत बुटांचा माणूस आला. हातात लेदरची बॅग. मालकीणबाई गोठ्याशी उभ्या होत्या, त्यांनी त्याला बघितलं आणि जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही खिडक्यांपुढे रांग होती, काचेच्या इमारतीतली माणसं, शाळेतून सुटलेली थोडी मुलं, टेनिसच्या रॅकेटसकट. तो रांग टाळून सरळ पुढे आला आणि सासूबाईंना इंग्रजीत म्हणाला की मालकीणबाईंना भेटायचंय, महत्त्वाचं काम आहे.

सासूबाईंना एक शब्द कळला नाही. त्यांनी त्याच्या बुटांकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि मला विचारलं, "हा कोण गं, मध्येच घुसतोय?"

मी मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी नुसतं रांगेच्या टोकाकडे बोट केलं.

"काही नाही, आई," मी म्हटलं. "त्याला सांगा मागे उभं राहायला."

सासूबाईंनी हाताने दाखवलं. पोस्टमास्तर आजोबांनी त्याला कोपराला धरून नेऊन शेवटी उभं केलं. तो थोडा वेळ उभा राहिला, घड्याळ बघितलं, बॅग या हातातून त्या हातात घेतली. रांग हळूहळू सरकत होती. सासूबाई प्रत्येकाशी मराठीत दोन शब्द बोलत होत्या, म्हणून वेळ लागत होता. त्याच्या पुढे अजून सात-आठ माणसं असतानाच तो गाडीकडे गेला. मालकीणबाई गोठ्यात शिरल्या, गाईंना पाणी द्यायची वेळ झाली होती.